साहित्यातल्या एम.ए.-पीएच.डी.चे अर्ज गेले, निकाल अजून नाही : खान्देशातल्या मुलामुलींसाठी धागा

तापीकाठ | १८ जानेवारी, रात्री ९.१०

इंग्रजी, मराठी किंवा तुलनात्मक साहित्यात एम.ए.-पीएच.डी.साठी बाहेर अर्ज केलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हा धागा काढतोय. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडबद्दल जळगाव-धुळ्यात कुणालाही विचारा, माहिती मिळते. साहित्याच्या प्रवेशाबद्दल विचारायला माणूस सापडत नाही. मग अर्ज गेल्यापासून निकाल लागेपर्यंतचे महिने मुलं आपलंच काहीतरी चुकलं असेल या विचारात घालवतात. निकाल का लांबतो हे नीट कळलं तर ही धास्ती पुष्कळ कमी होते, असं माझं ठाम मत आहे.

आधी अमेरिकेतल्या पीएच.डी.बद्दल, कारण सगळ्यात लांबची वाट तिथलीच. बहुतेक इंग्रजी आणि तुलनात्मक साहित्य विभागांची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपते, काहींची जानेवारीच्या सुरुवातीला. लगेच नाताळची सुटी लागते. त्या दिवसांत तुमची फाइल कुणी वाचत नसतं. ऑफिसातले लोक गुणपत्रकं, एलओआर (शिफारसपत्रं), टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण जुळवत असतात. जानेवारीत विभागातल्या काही प्राध्यापकांची समिती वाचायला बसते. एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) आणि गुणपत्रक पाहून पहिली चाळणी होते. उरलेल्यांचं रायटिंग सॅम्पल, म्हणजे स्वतःच्या अभ्यासलेखनाचा नमुना, नीट वाचलं जातं. ते साधारण १५ ते २५ पानांचं असतं आणि एकाहून अधिक जण वाचतात, म्हणून वेळ लागतो. त्यानंतर यादी विद्यापीठाच्या पदव्युत्तर कार्यालयाकडे पैशांच्या मंजुरीसाठी जाते. मंजुरी आली की आधी निवड झालेल्यांना कळवतात, मग वेटलिस्टवाल्यांना, आणि नकार सगळ्यात शेवटी. फेब्रुवारीत दुसऱ्या कुणाला होकार आला आणि तुम्हाला काहीच आलं नाही, तर तुम्ही वेटलिस्टवर असाल किंवा नकाराच्या गठ्ठ्यात. यातलं कोणतं, हे नुसत्या शांततेवरून ओळखता येत नाही.

आता वेळेचं गणित. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि त्यांचं ऑफिस बंद होतं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. कॅलिफोर्नियाचं ऑफिस उघडतं आपल्या रात्री साडेदहाला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हापासून हे सगळं आपल्याकडे एक तास अलीकडे येतं. म्हणजे दिवसभर कॉलेजात किंवा शेतात असताना दर दहा मिनिटांनी मेल उघडण्यात काहीच अर्थ नाही. तिकडे माणसं झोपलेली असतात. शनिवार संध्याकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत तर मेल बघूच नका. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारीही तिकडे सुटी असते. सकाळी उठल्यावर एकदा बघितलं की त्या दिवसाचं झालं.

प्रश्न विचारा. ज्याला जे पक्कं माहीत असेल तेवढंच लिहा, ही विनंती.

---

गिरणाकाठची | १८ जानेवारी, रात्री १०.२५

धन्यवाद दादा, फार गरज होती या धाग्याची. एक विचारते. पोर्टलवर अर्ज "सबमिटेड" दिसतो, पण खालच्या चेकलिस्टमध्ये टोफेल "अवेटिंग" दाखवतंय. गुण पाठवून तीन आठवडे झाले. यामुळे अर्ज बाद होतो का?

---

वाघूर | १९ जानेवारी, सकाळी ७.४०

ताई, लगेच बाद होत नाही, पण तसंच सोडूनही देऊ नका. आपल्याकडच्या अर्जांत हा घोळ वारंवार होतो, आणि कारण बहुतेक वेळा नावात असतं. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. टोफेल पासपोर्टच्या नावाने दिलेली असते आणि अर्जात नाव गुणपत्रकाप्रमाणे भरलेलं असतं. संगणक नाव आणि जन्मतारीख जुळवून गुण फाइलला लावतो. जुळलं नाही तर ते विद्यापीठात पोचूनही नुसते पडून राहतात.

विभागाच्या प्रवेश-समन्वयकाला चार ओळींचा मेल करा. अर्ज क्रमांक, पासपोर्टवरचं नाव, अर्जातलं नाव, परीक्षेची तारीख आणि नोंदणी क्रमांक एवढंच लिहा आणि गुणपत्रिकेची पीडीएफ जोडा. प्राध्यापकांना हा मेल पाठवायचा नाही, त्यांच्या हातात ते नसतं. गुण पाठवून दहा कामाचे दिवस झाल्याशिवायही लिहू नका, कारण डिसेंबर-जानेवारीत जुळवणीच उशिरा होते.

पुढच्या वर्षीवाल्यांसाठी: टोफेलला परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्री १० पर्यंत चार विद्यापीठं निवडली तर गुण पाठवायचे पैसे पडत नाहीत. नंतर प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे डॉलर मोजावे लागतात. आणि हे गुण दोनच वर्षं चालतात.

एलओआरचंही बघून घ्या. आपल्या कॉलेजांतले बरेच सर-मॅडम जीमेलच वापरतात. काही पोर्टलं कॉलेजच्या डोमेनचा पत्ता मागतात, नाहीतर पत्राची पडताळणी करतात, आणि त्यात दिवस जातात. शिवाय पोर्टलकडून सरांना गेलेली लिंक स्पॅममध्ये जाऊन बसते. पत्र मुदतीनंतर काही दिवसांनी आलं तरी बरेच विभाग घेतात, कारण तो उशीर विद्यार्थ्याच्या हातातला नसतो हे त्यांना ठाऊक असतं. तेव्हा चेकलिस्टमध्ये पत्र दिसत नसेल तर आजच पोर्टलमधून स्मरणपत्र पाठवा आणि सरांना फोन करून "स्पॅममध्ये बघाल का सर" एवढंच म्हणा.

---

गिरणाकाठची | १९ जानेवारी, दुपारी १.०५

नावाचंच दिसतंय. मेल करते. खूप आभार भाऊ.

---

जामनेर_०९ | १९ जानेवारी, रात्री ११.३०

सीजीपीएचं चारच्या स्केलवर रूपांतर करून भरलंय. आता काळजी वाटतेय. आणि जीआरई ही प्रवेशपरीक्षा दिली नाही, ते चालतं ना?

---

तापीकाठ | २० जानेवारी, सकाळी ८.००

बहुतेक विद्यापीठं सांगतात की गुण आहेत त्याच स्केलवर भरा, रूपांतर आम्ही करू. तुम्ही भरलं असेल तरी सोबत मूळ गुणपत्रक आहेच, समिती तेच बघते. त्यासाठी वेगळा मेल नको.

जीआरईचा साहित्याचा विषयवार पेपर तर राहिलाच नाही, एप्रिल २०२१ नंतर ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसने तो बंद केला. जुन्या ब्लॉगांवर अजून त्याची तयारी सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका. जनरल जीआरई साहित्याच्या बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केली आहे, काही तर गुण पाठवले तरी बघत नाहीत. तुमच्या विभागाच्या पानावर काय लिहिलंय तेवढं पाहा.

---

लेवाबोली | २३ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

मुलाखतीबद्दल लिहिते. सगळे विभाग मुलाखत घेत नाहीत. त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं नाही म्हणजे संपलं, असं धरू नका. त्या विभागाची पद्धत आधी बघा. जे घेतात ते साधारण जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, झूमवर, २० ते ३० मिनिटं. समोर दोन-तीन प्राध्यापक असतात.

तयारी म्हणजे स्वतःचं रायटिंग सॅम्पल पुन्हा दोनदा वाचणं. मुलं हे सोडून सिद्धांतांची पुस्तकं पाठ करत बसतात. समितीने तुमची वीस पानं वाचलेली असतात आणि प्रश्न त्यातूनच येतात: हा युक्तिवाद दुसऱ्या कोणत्या संहितेवर टिकेल, कुठे मोडेल, यावर पुढे काय वाचायचं ठरवलंय. दुसरा हमखास प्रश्न म्हणजे आमचाच विभाग का. त्याला नुसती दोन प्राध्यापकांची नावं सांगून भागत नाही. त्यांचं कोणतं काम तुमच्या प्रश्नाला कुठे लागतं, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तिसरा प्रश्न शिकवण्याबद्दल येतो, कारण तिकडे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून पदवीच्या मुलांना लेखन शिकवावं लागतं.

आपल्या मुलांचा विषय अहिराणी लोकगीतं, लेवागण बोलीतल्या ओव्या, भिल्ली-पावरी मौखिक परंपरा असा असेल तर एक गोष्ट स्पष्ट करून ठेवा. इंग्रजी विभागातल्या प्राध्यापकांना या भाषा येत नसतात. त्यांना सामग्री कुठून गोळा करणार, लिप्यंतर कसं करणार, भाषांतर कोण तपासणार आणि या सामग्रीतून साहित्याबद्दलचा कोणता मोठा प्रश्न उभा राहतो, एवढं ऐकायचं असतं. "या बोलीवर कुणीच काम केलेलं नाही" हे कारण पुरत नाही, आणि बहुतेक वेळा ते खरंही नसतं. तुलनात्मक साहित्याचे विभाग भाषा मोजतात: मराठी, इंग्रजी, आणि तिसरी कोणती वाचता येते? हिंदी किंवा गुजराती वाचता येत असेल तर सांगा, संकोचू नका. नंदुरबार-शहाद्याकडच्या कितीतरी मुलांना गुजराती येते आणि ती अर्जात कुठेच नसते.

मुलाखतीची वेळ आपल्या रात्री नऊ-साडेनऊची मागा. मागितली तर देतात. रात्री दोनला बसून चांगलं बोलता येत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, वायफाय इन्व्हर्टरवर आणि शेजारी दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट. यावल-रावेर-चोपड्याकडच्या खेड्यांत लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा शक्य असेल तर त्या रात्री भुसावळ-जळगावला नातेवाइकांकडे जा. मध्येच कॉल तुटला तर घाबरायचं नाही. पुन्हा जोडायचं, एकदा माफी मागायची आणि उत्तर पुढे चालू करायचं.

---

सारंगखेडा | २५ जानेवारी, दुपारी ४.५०

वरचं सगळं उत्तम, पण परदेशाच्या निकालाकडे डोळे लावून बसताना देशातल्या तारखा हातच्या जातात. याच काळात सीयूईटी-पीजीचे, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे अर्ज सुरू असतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास. ७५ प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलेल्याला १ वजा. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. दिल्ली विद्यापीठाचं सीएसएएस-पीजी, जेएनयूचं स्वतःचं पोर्टल, हैदराबादचं स्वतःचं, अशी प्रत्येक विद्यापीठाची नोंदणी निराळी करावी लागते आणि तिच्या मुदतीही निराळ्या. चांगले गुण असूनही ही दुसरी नोंदणी न केल्यामुळे जागा जाते.

दुसरा घोळ दाखल्यांचा. केंद्रीय विद्यापीठांना ओबीसी-नॉन क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. सेतू केंद्रातून सहसा राज्याच्या नमुन्यातला हातात पडतो. अर्ज देतानाच "केंद्र शासनाचा नमुना" असं सांगा. राज्यात व्हीजे-एनटीमध्ये असणाऱ्या बहुतेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, तेव्हा केंद्राच्या यादीत आपली जात आणि पोटजात शब्दशः कशी लिहिली आहे ते पाहून घ्या. ईडब्ल्यूएस आणि नॉन क्रीमी लेयर दोन्ही चालू आर्थिक वर्षाचे मागतात. प्रवेशफेऱ्या मे-जूनला सुरू होतात, म्हणून १ एप्रिलनंतरचा दाखला काढावा लागतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका. मे महिन्यात दहावी-बारावीवाल्यांची गर्दी सुरू झाली की तहसील आणि प्रांत कार्यालयात आठवडेच्या आठवडे जातात.

नंदुरबार-धडगाव-अक्कलकुव्याच्या एस.टी. मुलांसाठी: जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर त्याचा अर्ज आत्ता करा. आदिवासी विकास विभागाच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी ते लागतं आणि त्याला महिने लागतात.

---

पांझरा | २६ जानेवारी, सकाळी १०.२०

देशात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी माझी भर.

जून २०२४ पासून यूजीसीच्या नेट परीक्षेचे तीन प्रकारचे निकाल लागतात: जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसह, सहायक प्राध्यापक अधिक पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकी दोन प्रकारांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएच.डी. प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. हे एक वर्ष फार महत्त्वाचं आहे. "यंदा परदेशाचं बघू, नाही झालं तर पुढच्या वर्षी जेएनयू" असा बेत केला तर तोवर गुण बाद झालेले असतात. पेपर एकचे ५० आणि पेपर दोनचे १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकलेल्याला वजाबाकी नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजी-मराठीसारखाच तुलनात्मक साहित्य हाही स्वतंत्र विषय आहे. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्तीचे) ४२,०००, घरभाडं वेगळं.

आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची किंवा शेजारच्या विद्यापीठांची पेट (पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा) देणाऱ्यांनी मार्गदर्शकाकडच्या रिकाम्या जागा आधी पाहाव्यात. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. साहित्याचे मार्गदर्शक मोजकेच, त्यात पदं रिक्त. पेट पास होऊनही मुलं वर्ष-वर्ष थांबतात ती इथे. पेटच्या निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा त्याच महिन्यात तीन-चार मार्गदर्शकांना दोन पानांचा आराखडा देऊन भेटा आणि जागा आहे का, असेल तर कोणत्या प्रवर्गाची, हे स्पष्ट विचारा. मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं म्हणून मुलं गप्प बसतात. विचारा, त्यात गैर काही नाही.

दिल्लीला मुलाखतीला बोलावलं तर सूचना काही दिवसच आधी मिळते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे भुसावळहून पंजाब मेल किंवा कर्नाटक एक्सप्रेसला तोवर वेटिंगच असणार. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला आणि एसीचं १० ला सुटतं. मुलाखत ऑनलाइन देता येते का, हे आधी विचारून घ्या. आता बरेच विभाग तशी सोय देतात.

---

वाघूर | ९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

निकालांच्या संकेतस्थळांवर होकार-नकार दिसायला लागलेत, म्हणून थोडं लिहितो. तिथली माहिती लोकांनी स्वतः टाकलेली असते. त्यातून एवढंच कळतं की अमुक विभागाने कळवायला सुरुवात केली. किती जणांना घेतलं, तुमच्यासारख्याला घेतलं का, हे त्यातून कळत नाही. आणि मागच्या वर्षी १२ फेब्रुवारीला निकाल आला म्हणून यंदाही १२ लाच येईल असं नाही.

सध्या जागाही कमी झाल्या आहेत, आणि हे मुलांना माहीत असायला हवं. बोस्टन विद्यापीठाने २०२५-२६ साठी इंग्रजीसह मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर विषयांचे पीएच.डी. प्रवेश थांबवले होते. शिकागो विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेने २०२६-२७ साठी काही विभागांचे प्रवेश थांबवले आणि काहींच्या जागा घटवल्या. पैसे आटलेत. अशा वर्षातल्या नकारावरून तुमच्या रायटिंग सॅम्पलची किंमत ठरत नाही.

---

एरंडोल_एमए | ११ फेब्रुवारी, रात्री ११.५५

अर्जानंतर माझा एक लेख नियतकालिकाने स्वीकारलाय. कळवावं का? आणि एसओपीत एक शुद्धलेखनाची चूक राहिलीय, दुरुस्त प्रत पाठवू का?

---

लेवाबोली | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

अभिनंदन! लेखाचं कळवा, पण पोर्टलमध्ये "अपडेट" किंवा "अतिरिक्त कागदपत्र" असा पर्याय असेल तर तिथूनच. नसेल तर समन्वयकाला तीन ओळींचा मेल. एम.ए.चा निकाल, जेआरएफ, स्वीकारलेला लेख एवढ्याच गोष्टी कळवण्याजोग्या. कार्यशाळेचं प्रमाणपत्र पाठवू नका.

शुद्धलेखनाच्या चुकीसाठी नवी प्रत मुळीच नको. नव्या प्रतीमुळे आधी न दिसलेली चूकही नजरेत येते. चुकीचीच फाइल गेली असेल, म्हणजे एका विद्यापीठाच्या एसओपीत दुसऱ्याचं नाव, किंवा रायटिंग सॅम्पलच्या जागी अर्धा मसुदा, तरच तातडीने कळवा.

---

गिरणाकाठची | ३ मार्च, रात्री १०.४०

एका ठिकाणी वेटलिस्ट आली आहे. आनंद मानावा की नाही तेच कळत नाहीये. आता काय करू?

---

तापीकाठ | ४ मार्च, सकाळी ६.५०

ताई, आनंद मानाच. समितीने तुमचं काम वाचून "ही मुलगी इथे चालेल" असं ठरवलेलं आहे. अडलंय ते जागेपाशी.

अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा एक ठराव आहे. सही केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीसह जागा देऊ केली तर विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची सक्ती नसते. त्यामुळे ज्यांच्याकडे दोन-तीन होकार असतात ते मार्चमध्ये विभागांना भेटी देतात, विचार करतात, आणि नकार कळवतात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. वेटलिस्ट तेव्हाच हलते. १३, १४, १५ एप्रिलला फोनसुद्धा येऊ शकतो. त्या दिवसांत अनोळखी आंतरराष्ट्रीय नंबर कापू नका आणि व्हॉइसमेलच्या भरवशावर राहू नका.

आत्ता एकच मेल करा, १५० शब्दांच्या आत: वेटलिस्टवर राहायचं आहे, माझं काम तुमच्याकडच्या या गोष्टीशी जुळतं, नवीन काही घडलं असेल तर ते. हा विभाग खरोखर पहिल्या पसंतीचा असेल तरच तसं लिहा. चार जणांना तेच लिहू नये. सोबत दोन प्रश्न विचारता येतात: यादी क्रमवार आहे की उपविषयानुसार, आणि जागा मिळाली तर शिष्यवृत्ती इतरांएवढीच मिळेल का. बऱ्याच ठिकाणी ती उपविषयानुसार असते. व्हिक्टोरियन साहित्यवाल्याने नकार दिला तर त्याच अभ्यासक्षेत्रातल्याला आधी बोलावतात, म्हणून "माझा क्रमांक किती" या प्रश्नाला त्यांच्याकडेही उत्तर नसतं. पुढचा मेल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, त्याआधी नाही.

पूर्व किनाऱ्यावरची १५ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १६ एप्रिलचे सकाळचे साडेनऊ. काही ठिकाणी मुदत संध्याकाळी ५ पर्यंतच असते, ती आपल्या पहाटे अडीचला संपते. घरच्यांना रोज "काही कळलं का" याचं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सांगून टाका की १६ एप्रिलनंतर बोलू. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आणि पाहुणे जमतील त्याच्या आत बहुधा चित्र स्पष्ट झालेलं असेल. घाबरू नका ताई, बठ्ठं व्हई जाई.

---

जामनेर_०९ | १९ मार्च, रात्री ९.००

पीएच.डी.ला नकार, पण त्याच विद्यापीठाने एम.ए.ची जागा देऊ केली आहे. पैसे आपले. २८ मार्चपर्यंत डिपॉझिट भरा म्हणतात. १५ एप्रिलचा नियम लागत नाही का?

---

वाघूर | १९ मार्च, रात्री ११.१५

नाही लागत भाऊ. तो नियम आर्थिक मदत असलेल्या जागेपुरताच आहे. फी स्वतः भरायच्या एम.ए.ला ते हवी ती मुदत देऊ शकतात आणि डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. मुदत वाढवून द्याल का असं विचारा. विचारल्याने जागा जात नाही. फीमध्ये सवलत आहे का, हेही त्याच मेलमध्ये लिहा.

कर्ज काढायचा विचार असेल तर डिपॉझिट भरण्याआधी बँकेत जा. आपल्याकडे बऱ्याच घरांची मालमत्ता म्हणजे केळी-कपाशीची जमीन, आणि सातबारा ठेवून शैक्षणिक कर्ज होईल असं सगळे धरून चालतात. सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्या कायद्याच्या वसुलीतून वगळलेली आहे, म्हणून बहुतेक बँका ती तारण घेत नाहीत. एन.ए. प्लॉट, गावठाणाबाहेरचं नोंदणीकृत घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव लागते. गावठाणातल्या घराला सिटी सर्व्हेचा उतारा नसेल तर तिथेही अडतं. कायदेशीर शोध अहवाल आणि मूल्यांकनात काही आठवडे जातात.

माझं स्पष्ट मत: साहित्याच्या एम.ए.साठी घर तारण ठेवून एवढं मोठं कर्ज काढू नये. त्यानंतरची पीएच.डी. मिळेलच याची खात्री नसते आणि हप्ते तर सुरू होतात. ज्यांना शिष्यवृत्ती मिळतेय त्यांनी अवश्य जावं.

---

सारंगखेडा | २० मार्च, सकाळी ९.३०

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच आहे तर. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. वयोमर्यादा पदव्युत्तरला ३५ आणि पीएच.डी.ला ४०. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये साहित्यवाल्यांनी एक अट आधी वाचावी. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले आहेत. दलित साहित्य किंवा खान्देशी लोकसाहित्य असा विषय असेल तर अर्ज त्या अटीत अडकू शकतो. त्या वर्षीची नियमावली शब्दशः वाचा आणि मगच विषयाचं शीर्षक ठरवा. मला ही अट अन्यायाची वाटते, पण अर्ज भरताना ती डोळ्यांसमोर असलीच पाहिजे.

ब्रिटनच्या एक वर्षाच्या एम.ए.ला गेलेल्यांसाठी: तिकडून सशर्त होकार येतो, म्हणजे अंतिम वर्षाचे अमुक टक्के दाखवल्यावर पक्का. आपल्या विद्यापीठाचा शेवटच्या सत्राचा निकाल कधी लागेल ते कॉलेजात विचारून त्यांना तसं कळवून ठेवा. व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून.

---

गिरणाकाठची | १४ एप्रिल, रात्री ११.२०

आली! वेटलिस्टवरून जागा मिळाली. उत्तर उद्यापर्यंतच द्यायचंय. सही करण्याआधी पत्रात काय बघू? लवकर सांगा.

---

वाघूर | १४ एप्रिल, रात्री ११.४०

मनापासून अभिनंदन ताई! पत्रात हे बघा. स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२ चा. ९ चा असेल तर उन्हाळ्यात पैसे कुठून येणार. किती वर्षांची हमी, पाच की सहा. फी पूर्ण माफ आहे का, आणि विद्यार्थी-शुल्क म्हणून वेगळं काही कापतात का. आरोग्यविमा कोण भरतं. शिकवण्याचं काम कोणत्या वर्षापासून आणि आठवड्याला किती तास. पत्रात जे नसेल ते मेलने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. त्यांचं ऑफिस आत्ता उघडं आहे, लगेच लिहा, सकाळपर्यंत उत्तर येईल. हो कळवल्यावर विद्यापीठ आय-२० (विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारा कागद) पाठवेल. मग ३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि १८५ डॉलर व्हिसा शुल्क, आणि मुंबईची मुलाखत. मुलाखतीच्या तारखा पटापट भरतात, आय-२० आला त्याच दिवशी तारीख घ्यायला बसा. पासपोर्टवरचंच नाव सगळीकडे.

---

लेवाबोली | १४ एप्रिल, रात्री ११.५२

अभिनंदन गं! हो कळवलंस की बाकी ज्या ठिकाणी होकार किंवा वेटलिस्ट आहे तिथे रात्रीच नकार कळवून टाक. "जागा देऊ केल्याबद्दल आभार. मी दुसरीकडे प्रवेश घेत आहे, कृपया माझं नाव मागे घ्यावं." एवढंच पुरतं, कारण द्यावं लागत नाही. तिथल्या वेटलिस्टवर कुणीतरी तुझ्यासारखंच जागं असेल, आणि त्यांच्या हातात एकच दिवस उरलाय.

---

गिरणाकाठची | १५ एप्रिल, पहाटे १.१०

दोन ठिकाणी कळवलं. विम्याचं आणि उन्हाळ्याचं विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकते.